बाबासाहेबांनी क्रांती कशी केली



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र लिहा, असे मंडळाने आम्हाला सांगितले. एवढा मोठा माणूस दोन पानांत कसा मावणार? १४ एप्रिल १८९१ चा जन्म, महू, विलायतेचे शिक्षण हे सगळे आपल्या पोरांना पाठ आहे. म्हणून आम्ही एकच गोष्ट धरतो. क्रांती म्हणजे राजाचे मुंडके उडवणे, असे शाळेत फ्रान्सच्या धड्यात वाचले होते. बाबासाहेबांनी रक्त न सांडता राज्यकारभारही बदलला आणि समाजही हलवला. तो कसा, ते आमच्या गिरणीकामगाराच्या बुद्धीने सांगतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ सालीच पास झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले. म्हणजे कागद तयार होता, पण तळ्यावर कोणी जाईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः उतरले, ओंजळभर पाणी प्याले, मागून हजारो माणसे प्याली. मग मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले. त्याच साली २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृती जाळली. त्या भाषणात त्यांनी महाडच्या सभेची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या सभेशी केली. पाणी हे निमित्त, मागणी समतेची होती. कोर्टाचा शेवटचा निकाल मात्र १७ मार्च १९३७ ला लागला. दहा वर्षे गेली बरं का, एका तळ्यासाठी!

त्याच १९३७ साली, ३१ जुलैला, ते आपल्या भागात आले. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. सगळा पश्चिम खानदेश होता आणि मुख्य ठाणे धुळे. कोर्टाच्या कामाला ते धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला राहिले. दर ३१ जुलैला तिथे गर्दी होते, आम्हीही जातो.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला, म्हणजे साचेखात्याला, पगार जास्त. पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. का, तर धोट्यातली कांडी बदलली की सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्या कामगाराला चालत नव्हता. खाली मालकाच्या नावाने बोंब मारायची आणि वर शेजारच्या कामगाराचा विटाळ मानायचा! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपाच्या मागण्यांत घ्यायला लावला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. तरी ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध ते कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाच्या संपात उतरले. मजूरमंत्री असताना १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आम्ही पाळी संपवून घरी येतो तेव्हा हे आठवते.

वतनाचे काम सर्वांत कठीण होते, असे आम्हाला वाटते. गावकीची चाकरी रात्रंदिवस, बदल्यात जमिनीचा तुकडा आणि भाकरी. ते वतन मोडायला त्यांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणले. तेव्हा आपलेच लोक घाबरले, भाकर जाईल म्हणून. त्यांना दोष कसा द्यावा? घरात पोरे उपाशी होती. वतन शेवटी गेले ते १९५८ च्या कायद्याने. तोवर बाबासाहेब नव्हते.

घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, कलम १७ ने अस्पृश्यता रद्द झाली. पण २५ नोव्हेंबर १९४९ लाच त्यांनी बजावले होते की मतात समता आणि जगण्यात विषमता असे फार दिवस चालले तर ही लोकशाही लोकच उधळून लावतील. हिंदू कोड बिल अडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले. महाडचा अनुभव त्यांना होताच. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंसह बुद्धाचा धम्म घेतला. ६ डिसेंबरला ते गेले.

आमच्या गावात त्यानंतर मेलेले ढोर ओढणे बंद झाले. गावाने मजुरी बंद केली, दुकानदार मीठ देईना, असे आजी सांगायची. आजोबांनी दोर परत हातात घेतला नाही. वडील तेव्हा पंधरा वर्षांचे होते. पुढे ते गिरणीत लागले, साच्यावर.