आज ज्यांना 'मिनिमलिस्ट' म्हणतात, तसले दिवे या मराठी महाराजांनी १९३० च्या दशकातच राजवाड्यात लावले होते

घर सजवायचे रील बघत असाल तर भिंतीवरचा एक दिवा तुम्हाला हमखास दिसला असेल. निकेलची चकाकी असलेली साधी नळी, पुढे दुधी काच, बस्स. ना वेलबुट्टी, ना लोलक. 'व्हिंटेज मिड-सेंच्युरी' म्हणून असे जुने दिवे शोधणारे शौकीन त्यासाठी चांगले पैसे मोजतात.

आपल्याला वाटतं, हा सगळा युरोप-अमेरिकेचा विषय. पण याच साधेपणाच्या नादात आख्खा राजवाडा सजवणारा माणूस मराठी होता. इंदूरचे महाराज, यशवंतराव होळकर दुसरे.

संभाजीनगरकरांना होळकर घराणं वेगळं सांगायला नको. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्यादेवींचं हे घराणं.

यशवंतरावांचा जन्म १९०८ चा. १९२५ साली मुंबईत बावला खून प्रकरण गाजलं, संशयाची सुई थेट इंदूर दरबारापर्यंत गेली आणि पुढच्याच वर्षी वडील तुकोजीराव तिसरे यांना गादी सोडावी लागली. यशवंतराव १७ व्या वर्षी महाराज झाले. पण पूर्ण अधिकार मिळाले १९३० मध्ये. मधल्या काळात ते शिकायला ऑक्सफर्डला होते आणि तिथेच त्यांची ओळख झाली एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टशी.

दोघंही विशीतले. महाराजांनी थेट त्याच्याच हाती नवा राजवाडा सोपवला, माणिकबाग. म्युथेसियसनं इमारतीपासून फर्निचर आणि दिव्यांपर्यंत सगळ्यात लक्ष घातलं. बरंचसं सामान जर्मनीत बनलं आणि जहाजानं भारतात आलं. लाल खुर्च्यांमध्ये तर वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. सोबत ल कॉर्बुझिए, आयलीन ग्रे, रुलमन अशा त्या काळातल्या बड्या डिझायनर्सच्या वस्तू आल्या.

इतर संस्थानिक झुंबरं टांगत होते, त्या काळातली ही गोष्ट. झुंबर स्वतःच मिरवतं. माणिकबागच्या नव्या शैलीत दिवा कामापुरता आणि आकार साधा, हा हिशोब होता. तसं बघितलं तर 'मिड-सेंच्युरी' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशकं. माणिकबाग त्याच्याही आधीचं, पण घराणं तेच.

या सगळ्या हौसेत सोबत होत्या महाराणी संयोगिताराजे, कोल्हापूरजवळच्या कागलच्या. पॅरिसमध्ये मॅन रे यानं या जोडप्याचे फोटो काढले. शिल्पकार ब्रांकुसीची तीन 'पक्षी' शिल्पं महाराजांनी विकत घेतली आणि ती ठेवायला इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरवलं. पण १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय जेमतेम विशीतलं. ब्रांकुसी इंदूरला येऊन गेला, मंदिर मात्र कधीच उभं राहिलं नाही.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. महाराज तिथे उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, वय ५३.

त्यानंतर माणिकबाग रिकामं होत गेलं. १९८० मध्ये मोनॅकोला सोदबीजनं इथल्या वस्तूंचा लिलाव केला आणि खुर्च्या, दिवे, टेबलं जगभरच्या संग्राहकांकडे गेली. ब्रांकुसीचे दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयानं या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं. आणि माणिकबागमध्ये? तिथे केंद्र सरकारचं कर खात्याचं ऑफिस आहे.

हे सामान विकलं गेलं तेव्हा आपल्याकडे फार थोड्यांना त्याची किंमत कळत होती. म्हणून आजोबांच्या वाड्यात किंवा जुन्या बंगल्यात असा एखादा साधा निकेलचा दिवा भिंतीवर असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा नीट बघा. मागच्या बाजूला कंपनीचा शिक्का आहे का, काच मूळची आहे का, हे तपासा. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून नवं करून घेतलं की दिवा परत लागतो. पण एकदा विकला की परत येत नाही.