एडनपर्यंतचा प्रवास

पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांचे सर्वांत धाकटे पुत्र दुलीपसिंग यांचा जन्म १८३८ मध्ये लाहोर येथे झाला. वयाच्या अवघ्या पाचव्या वर्षी ते गादीवर बसले. राज्याची सूत्रे त्यांच्या मातोश्री राणी जिंदकौर यांच्या हाती होती. पहिल्या शीख युद्धानंतर लाहोर दरबारावर इंग्रजांचे वर्चस्व आले आणि १८४७ मध्ये त्यांनी या मायलेकरांची ताटातूट केली. मार्च १८४९ मध्ये पंजाबचे राज्य खालसा झाले. कोहिनूर हिराही गेला. बदल्यात वार्षिक तनखा मिळाला. तहनाम्यावर दहा वर्षांच्या मुलाची सही होती. तिला संमती म्हणणे कठीण आहे.

पुढे त्यांना पंजाबबाहेर गंगाकाठी फत्तेगढ येथे ठेवण्यात आले. १८५३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १८५४ मध्ये ते इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी त्यांचे मोठे कौतुक झाले. बंदुकीच्या नेमबाजीत तर त्यांनी भल्याभल्या इंग्रज सरदारांना मागे टाकले. लाहोर आता त्यांच्या मनातून पुसले गेले, असेच कोणासही वाटले असते.

१८६१ मध्ये कलकत्त्यास त्यांची आईशी भेट झाली. मधे तेरा वर्षे लोटली होती. तुरुंगातून निसटून नेपाळात आश्रय घेतलेल्या राणीची दृष्टी अधू झाली होती. त्याच सुमारास चीनच्या युद्धावरून परतलेले शीख शिपाई आपल्या राजाच्या दर्शनासाठी जमू लागले. सरकार धास्तावले आणि मायलेकांना इंग्लंडला जावे लागले. तिथे आईच्या सहवासात गमावलेल्या राज्याच्या आठवणी मुलाच्या मनात जाग्या झाल्या. हा सहवास जेमतेम दोन वर्षांचा ठरला. १८६३ मध्ये राणीचे निधन झाले. पार्थिव पंजाबात नेण्यास परवानगी मिळाली नाही. १८६४ मध्ये दुलीपसिंगांनी ते मुंबईस आणले आणि गोदावरीच्या तीरी, नाशिकच्या पंचवटीच्या बाजूस, आईची लहानशी समाधी बांधली.

इंग्लंडमधील एल्वेडन येथील आपल्या वाड्याचा अंतर्भाग त्यांनी हिंदुस्थानी राजवाड्यांच्या धर्तीवर सजवून घेतला. बाहेर इंग्लंडचे धुके, आत लाहोरची आठवण! खर्च वाढत गेला, कर्जही वाढले. पंजाबातील आपल्या खाजगी वडिलोपार्जित मालमत्तेवर त्यांनी हक्क सांगितला. सरकारने तो मानला नाही.

अखेर मार्च १८८६ मध्ये पत्नी व मुलांसह ते हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांच्या आगमनाने पंजाबात खळबळ माजेल, अशी सरकारला भीती होती. एप्रिलमध्ये एडन बंदरात त्यांना अडवण्यात आले. कुटुंब इंग्लंडला परतले. दुलीपसिंग तिथेच थांबले आणि मे महिन्यात त्यांनी विधिपूर्वक पुन्हा शीख धर्माची दीक्षा घेतली. पूर्वजांचा धर्म त्यांना परत मिळाला, पूर्वजांची भूमी मात्र नाही. तेथून ते पॅरिसला आणि १८८७ मध्ये रशियाला गेले, पण झारकडून अपेक्षित साहाय्य मिळाले नाही. १८९३ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले आणि एल्वेडनच्या चर्चच्या आवारात ख्रिस्ती पद्धतीने त्यांचे दफन करण्यात आले.

१९२४ मध्ये त्यांची कन्या बांबा यांनी आजीच्या अस्थी नाशिकहून लाहोरला नेऊन रणजितसिंगांच्या समाधिस्थळी ठेवल्या. दुलीपसिंगांची कबर आजही एल्वेडनलाच आहे.