दारिद्र्याचे मूळ शोधणारा अर्थतज्ज्ञ

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. दारिद्र्याची मीमांसा करणारे अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांची ओळख मात्र मागेच राहिली.

गरीब माणूस आळशी असतो किंवा पूर्वसंचित भोगतो, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. बाबासाहेबांनी कारणे व्यवस्थेत शोधली. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतीवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले, की खरी अडचण केवळ लहान शेतांची नाही. भांडवल आणि अवजारे अपुरी आहेत आणि शेतीवर विसंबलेल्या असंख्य हातांना पुरेसे काम नाही. त्यावर उद्योगधंद्यांची वाढ हा उपाय त्यांनी सुचवला.

मुंबई प्रांतातील महार वतन हे याचे बोलके उदाहरण होते. रात्रंदिवस सरकारी कामासाठी राबायचे आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व घरोघर मागून आणलेले धान्य घ्यायचे. ज्या व्यवस्थेने मागायला लावले, तिनेच या माणसांना लाचार ठरवले. ही जोखड सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९३७ मध्ये कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयकही आणले.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ही वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर, १९५८ चा.