धनंजयरावांचा हिशेब

बँकेत असताना मी तारण नाही म्हणून कित्येक शेतकऱ्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. धनंजयराव गाडगीळ मात्र त्या माणसाच्या पिकाकडे पाहा म्हणत.

केंब्रिजला शिकलेले हे अर्थशास्त्रज्ञ १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. सोवनी, दांडेकरांसारखे अभ्यासक तिथेच जमले. गावोगावच्या पाहण्या झाल्या. विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६९ साली त्यांच्या अभ्यासगटाने बँकांना जिल्हावार जबाबदारी सुचवली. त्यातून अग्रणी बँक योजना आली.

१९७१ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद सोडून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचे निधन झाले.

त्यांचे लेखन मी निवृत्तीनंतर वाचले. परत पाठवलेले ते चेहरे तेव्हा एकेक करून आठवले.