शिरोडकरांचा टाका

गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत नीट वाढतो आणि एके दिवशी फारशा कळा न येताच पडतो. पुढल्या खेपेसही तेच घडते. अशा स्त्रीला मुंबईत काय किंवा भिवंडीत काय, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याचा सल्ला आज मिळू शकतो. त्या टाक्यामागे एका गोमंतकीय डॉक्टरची चिकाटी आहे.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी १९३१ मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळवली. पुढे ग्रँटमध्येच ते प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

वारंवार होणाऱ्या गर्भपाताचा ठपका तेव्हा बाईच्या नशिबावर ठेवला जाई. अंथरुणावर विश्रांती आणि संप्रेरकांची औषधे हाच उपाय असे. चौथ्या ते सातव्या महिन्यांत वारंवार गर्भ गमावणाऱ्या काही स्त्रियांना त्याचा उपयोग होत नाही, हे शिरोडकरांनी हेरले. दोष गर्भात नव्हता. गर्भाशयाचे तोंड कमकुवत असल्याने वाढता भार न पेलून ते अवेळी उघडत होते. मांडीतील चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी ती या तोंडाभोवती आवळून बसवली. १९५५ मध्ये त्यांनी ३० स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील प्रत्येकीचे पूर्वी किमान चार गर्भपात झाले होते. १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी अधिक सोपी पद्धत मांडली. आज दोन्ही पद्धती वापरात आहेत.

अंग बाहेर येण्याच्या व्याधीवरही शिरोडकरांनी पट्टीचा आधार देणारी शस्त्रक्रिया विकसित केली. तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता जागी राखणे हा तिचा हेतू होता. त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण किताब मिळाला. १९७१ मध्येच त्यांचे निधन झाले.

प्रत्येक गर्भपातावर टाका हा इलाज नव्हे. पूर्वेतिहास आणि सोनोग्राफीत दिसणारी गर्भाशयमुखाची लांबी पाहूनच तज्ज्ञ निर्णय घेतात. टाका साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घालतात आणि नैसर्गिक प्रसूती व्हायची असेल तर नवव्या महिन्यात काढतात. मात्र ज्या स्त्रियांना घरात अपशकुनी ठरवले जाई, त्यांचा दोष नशिबाचा नसून दुरुस्त होण्याजोगा आहे, हे शिरोडकरांनी जगाला दाखवून दिले.