एकाच घरातले दोन झेंडे

बारामती म्हणजे पवार घराण्याचा बालेकिल्ला, हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की, त्याचा आरंभ कधी आणि कसा झाला हे तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. लोकसभेच्या जुन्या निकालांवर नजर टाकली तर मात्र निराळे चित्र दिसते. १९५७ साली येथून केशवराव जेधे निवडून आले. १९६२ साली गुलाबराव जेधे, १९६७ साली तुळशीदास जाधव, १९७१ साली रघुनाथ केशव खाडिलकर, १९७७ साली जनता पक्षाचे संभाजीराव काकडे आणि १९८० साली इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील, अशी ही नावे आहेत. पवार घराण्याला या मतदारसंघात पहिला विजय मिळाला तो १९८४ साली. त्याआधी चोवीस वर्षे, १९६०च्या पोटनिवडणुकीत, याच घरातील एक उमेदवार येथे उभा राहिला होता आणि तो पराभूत झाला होता. या लढतीचे वैशिष्ट्य असे की, उमेदवाराचा धाकटा भाऊ प्रतिस्पर्ध्याच्या प्रचारात होता. या दोन्ही भावांच्या मातोश्री म्हणजे शारदाबाई गोविंदराव पवार.

शरद पवार यांच्या आई एवढीच त्यांची ओळख आज अनेकांना असते. परंतु पुत्राच्या जन्माआधीच त्या स्वतः निवडणुकीच्या मार्गाने सार्वजनिक जीवनात आल्या होत्या. तो इतिहास स्वतंत्रपणे स्मरणात ठेवण्याजोगा आहे.

शारदाबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९११ रोजी कोल्हापूरजवळच्या गोलिवडे गावी भोसले कुटुंबात झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपल्याने थोरल्या बहिणीच्या आधाराने त्यांचे पालनपोषण झाले. पुण्याच्या सेवासदन संस्थेत त्यांना शिक्षण घेता आले. रमाबाई रानडे यांच्या कार्याने उभी राहिलेली ही संस्था त्या काळात स्त्रियांना शिक्षण आणि स्वावलंबन यांची वाट दाखवीत होती. बहुजन समाजातील मुलीने अक्षरओळखीपलीकडे शिकावे, हेच त्या वेळी अपवादात्मक होते. घरातील वातावरणावर सत्यशोधक विचारांचा प्रभाव होता. शिक्षण आणि सत्यशोधकी संस्कार यांच्या संगमातून त्यांची वृत्ती घडली.

गोविंदराव पवार यांच्याशी विवाह होऊन त्या बारामतीला आल्या. पवार कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातील. गोविंदराव नीरा कॅनॉल परिसरातील सहकारी खरेदी-विक्री संघात काम करीत. भाटघर धरणाचे पाणी घेऊन येणाऱ्या नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती आणि इंदापूर या दुष्काळी तालुक्यांचा काही भाग भिजवला होता. कालव्याच्या कडेला ऊस आणि गूळ, तर कालव्याचे पाणी न पोचणाऱ्या गावांत ज्वारी-बाजरी आणि पावसाची वाट, असे एकाच तालुक्यात दोन मुलूख तयार झाले होते. पुढे १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. पाणी, पीक, पत आणि बाजार यांचे हे सारे प्रश्न पवारांच्या घरात रोजच्या बोलण्यातले होते. काटेवाडीच्या शेतीचा भार शारदाबाईंनी स्वतः उचलला. शेतातला भाजीपाला बाजारात नेऊन विकण्याचे काम मुलांनाही करावे लागे.

१९३८ साली शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर बिनविरोध निवडून आल्या. त्या वेळी त्या सव्विशीत होत्या. लोकल बोर्ड म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेचे पूर्वरूप. गावांना जोडणारे रस्ते, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, दवाखाने, धर्मशाळा अशी ग्रामीण भागाची निकडीची कामे या बोर्डाकडे असत. मतदानाचा हक्क तेव्हा सरसकट नव्हता. सारा भरणारे किंवा ठरावीक मालमत्ता असणारे यांच्यापुरताच तो मर्यादित होता. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, तिला मतदार म्हणून गणले जाणेही दुरापास्त होते. अशा काळात ग्रामीण भागातील एक विवाहित स्त्री बोर्डाच्या सभागृहात सदस्य म्हणून बसते, ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या सदस्यत्वाविषयी एक प्रसंग पवार कुटुंबात आवर्जून सांगितला जातो. १२ डिसेंबर १९४० रोजी, म्हणजे शारदाबाईंच्या स्वतःच्याच जन्मतारखेला, शरद यांचा जन्म झाला. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी बोर्डाची बैठक होती. बाळंतिणीने महिनाभर उंबरठा ओलांडू नये, अशी रीत असलेल्या त्या काळात शारदाबाई तान्ह्या बाळाला घेऊन पुण्याला गेल्या आणि बैठकीला हजर राहिल्या. या प्रसंगाकडे आज कौतुकाने पाहिले जाते. त्यात भावी नेत्याच्या राजकीय प्रवासाचा शुभशकुनही शोधला जातो. परंतु तो प्रसंग मुळात बाळाचा नाही, आईचा आहे. निवडून आलेल्या सदस्याने बैठकीला गैरहजर राहू नये, इतका सरळ अर्थ त्यामागे होता.

लोकल बोर्डावर त्यांनी चौदा वर्षे काम केले. सात मुलगे आणि चार मुली असा अकरा मुलांचा संसार, शेती आणि बोर्डाचे काम यांचा मेळ त्यांनी घातला. मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. याच घरातून पुढे शेती, वकिली, वास्तुरचना, उद्योग आणि राजकारण अशा निरनिराळ्या क्षेत्रांत माणसे गेली. दिनकरराव ऊर्फ आप्पासाहेब पवार यांनी बारामतीच्या शेतीविकासाला वाहून घेतले. त्यांच्या कामाचे मूळ आईने केलेल्या शेतीत शोधता येते. मध्यंतरी एका बैलाने केलेल्या हल्ल्यात शारदाबाईंच्या पायाला गंभीर दुखापत झाली. तो पाय कायमचा अधू झाला आणि त्यांना कुबडीच्या आधाराने चालावे लागले. तरीही घरातील शिस्त आणि बाहेरच्या घडामोडींविषयीची आस्था यांत खंड पडला नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास महाराष्ट्राच्या राजकारणात मोठी घुसळण झाली. शेतकरी-कामकऱ्यांचे हित काँग्रेसमध्ये राहून साधत नाही, अशी भावना झालेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव आदी नेत्यांनी १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्षाची उभारणी केली. पवारांचे घर या पक्षाचे झाले. उद्धवराव पाटील यांच्यासारख्या नेत्यांचा तेथे राबता असे. शेकापचे झुंजार नेते एन. डी. पाटील पुढे याच घराचे जावई झाले. पक्षाचे सिद्धान्त, शेतमालाचा भाव, कूळकायदा यांवरील चर्चा मुलांच्या कानांवर पडत असत. त्या ऐकतच मुले मोठी झाली.

पक्षाची पुढील वाटचाल सोपी नव्हती. संस्थापकांपैकी अनेक जण काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले. १९५७ ते १९७१ या काळातील बारामतीच्या खासदारांची यादी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. केशवराव जेधे, तुळशीदास जाधव आणि खाडिलकर हे तिघेही कधीकाळी शेकापमध्ये होते आणि तिघेही येथून निवडून आले ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून. सत्तेचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहत होता हे यावरून कळते. त्या प्रवाहाबरोबर न जाता शारदाबाई अखेरपर्यंत शेकापच्या विचाराशी बांधील राहिल्या. त्यांच्या पाचव्या दशकातील हे राजकीय एकाकीपण लक्षात घेतल्यावाचून १९६०च्या प्रसंगाचे मोल कळत नाही.

नोव्हेंबर १९५९ मध्ये केशवराव जेधे यांचे निधन झाले आणि बारामतीची जागा रिकामी झाली. काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव यांना उमेदवारी दिली. त्यांच्या विरोधात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर शेकापने उभे केले ते शारदाबाईंचे पुत्र वसंतराव पवार यांना. वसंतराव वकील होते आणि पक्षाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. १९५७च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला होता. त्यामुळे ही पोटनिवडणूक मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या दृष्टीने प्रतिष्ठेची ठरली.

वसंतरावांचे धाकटे बंधू शरद तेव्हा पुण्यात महाविद्यालयात शिकत होते आणि युवक काँग्रेसचे काम करीत होते. गांधी, नेहरू आणि यशवंतराव यांच्या विचारांनी ते काँग्रेसकडे ओढले गेले होते. सख्खा भाऊ विरोधात उभा असताना हा तरुण काय करणार, याकडे दोन्ही पक्षांतील मंडळींचे लक्ष होते. प्रकृतीचे कारण सांगून काही आठवडे पुण्यात बसून राहणे अवघड नव्हते. परंतु तसे झाले नाही. वसंतरावांनीच धाकट्या भावाला बोलावून सांगितले की, ज्या पक्षाचा विचार स्वीकारला आहे त्याच पक्षाचे काम संकोच न बाळगता करावे. शारदाबाईंनीही मुलाला अडवले नाही. शरद गुलाबराव जेधे यांच्या प्रचाराला लागले. एक मुलगा समितीचा उमेदवार, दुसरा काँग्रेसच्या बैलजोडीसाठी मते मागणारा आणि आई शेकापची, अशी त्या घराची स्थिती होती.

निकाल लागला. गुलाबराव विजयी झाले आणि वसंतराव पराभूत झाले. ज्या पक्षासाठी आईने आयुष्य वेचले तो पक्ष हरला होता, पोटचा मुलगा हरला होता आणि विजयी पक्षाचा गुलाल दुसऱ्या मुलाच्या अंगावर होता. या पराभवाने घराचे दोन तुकडे झाले नाहीत. भावाभावांत अबोला आला नाही. मतभेदाला फितुरी मानण्याची रीत त्या घरात नव्हती. विचार बदलायचा तर तो पटल्यावर बदलावा, नात्याच्या दडपणाखाली नव्हे, ही शिकवण शारदाबाईंनी मुलांना लहानपणापासून दिली होती. १९६० साली त्या शिकवणीची किंमत त्यांनी स्वतः चुकवली.

१९६२ साली लोकल बोर्डांची जागा जिल्हा परिषदांनी घेतली. १९६७ साली शरद पवार बारामती विधानसभा मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले. त्या वेळी तेही सव्वीस वर्षांचे होते. मुलाच्या यशाचा आनंद मानूनही शारदाबाईंनी आपला पक्ष सोडला नाही. १९७८ साली तो महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. शेकाप हा त्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारातील एक घटक पक्ष होता. आईचा पक्ष आणि मुलगा असे अखेर एका मंत्रिमंडळात आले. हा योग पाहायला मात्र शारदाबाई नव्हत्या. त्या दशकाच्या मध्यावरच त्यांनी या जगाचा निरोप घेतला होता.

त्यांच्या नावाने बारामतीजवळ शारदानगर येथे महिला महाविद्यालय उभे आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्यात स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. बारामती आणि इंदापूरच्या गावोगावी आज सरपंच आणि सदस्य म्हणून स्त्रिया बसतात. मात्र घरच्या पुरुषाने ठरवायचे आणि बाईने सही करायची, हा प्रकार अजूनही अनेक ठिकाणी आढळतो. तान्हे बाळ सोबत घेऊन, पण स्वतःचे मत मांडण्यासाठी सभागृहात गेलेल्या शारदाबाईंचे उदाहरण तेथे आजही उपयोगी पडणारे आहे.

२०२४ साली बारामतीने पवार विरुद्ध पवार अशी लढत लोकसभेला पाहिली आणि विधानसभेलाही. लोकसभेला सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांच्यावर १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी विजय मिळवला. त्यानंतर काही महिन्यांनी विधानसभेला अजित पवार यांनी युगेंद्र पवार यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. एकाच घरातील उमेदवार समोरासमोर आल्याचे अनेकांना नवल वाटले. गावागावांत नाती ताणली गेली आणि कोणाला मत द्यावे यावरून घरे दुभंगल्याच्या कहाण्या ऐकू आल्या. बारामतीला मात्र हा अनुभव अगदीच नवा नव्हता. चौसष्ट वर्षांपूर्वी याच घरात दोन झेंडे लागले होते आणि तरीही चूल एकच राहिली होती. ती तशी ठेवणारी बाई कुबडीच्या आधाराने चालत होती, पण आपल्या मतासाठी तिने कोणाचा आधार घेतला नाही आणि मुलांनाही तो घ्यायला लावला नाही.