डॉ. चार्ल्स ड्रू

मुलांनो, आपल्या भिवंडीत कोणी रक्तदान केले, की रक्तपेढीत त्या रक्तातून लाल पेशी आणि पिवळसर द्रव वेगळे करता येतात. या द्रवाला प्लाझ्मा म्हणतात. तो साठवण्याची शिस्त घालून देणाऱ्यांत डॉ. चार्ल्स ड्रू यांचे नाव मोठे आहे.

ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. रक्तापेक्षा प्लाझ्मा जास्त दिवस टिकतो. म्हणून १९४० साली, महायुद्धात इंग्लंडमधील जखमींसाठी प्लाझ्मा पाठवण्याचे काम त्यांनी सांभाळले. पुढे त्यांच्याच देशात काळ्या लोकांचे रक्त वेगळे ठेवू लागले. ड्रू यांनी या अन्यायाला उघड विरोध केला. १ एप्रिल १९५० रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रेडक्रॉसने ही प्रथा बंद केली.

प्लाझ्मा हे अशक्तपणाचे औषध नव्हे. रक्त गोठवणारे घटक कमी पडून रक्तस्राव होतो, तेव्हा तो मुख्यतः उपयोगी पडतो. म्हणून डॉक्टरांकडे त्यासाठी हट्ट धरू नका. ही कोणीतरी दिलेली देणगी आहे. ती गरजवंतालाच मिळाली पाहिजे.